जंतूंचा रिपोर्ट आणि वजनाचा तक्ता

कानासाठी दिलेलं अँटिबायोटिक संपलं, कान बरा झाला, आणि पोट जे बिघडलं ते बिघडलंच. लेक तेव्हा दीड वर्षाची होती. औषध अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचं, मुलांच्या कानदुखीत सर्रास देतात ते. कोर्स चालू असतानाच शी पातळ व्हायला लागली आणि कोर्स संपला तरी थांबेना. रंग पिवळट, वास आंबूस, मध्येच गाजराचा तुकडा जसाच्या तसा बाहेर. बूड लालभडक. डायपर बदलायला घेतलं की ती आधीच रडायला लागायची, कारण पुसताना काय होणार हे तिला पाठ झालं होतं.

एरवी ती खेळत होती, खात होती, रात्रभर झोपत होती. हे तेव्हा मी नुसतं सांगून टाकायचे. ते किती महत्त्वाचं आहे हे पुढे कळलं.

आमच्या नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांनी फार चौकशा केल्या नाहीत. ओआरएस, चौदा दिवस झिंक, रोज २० मिलिग्रॅम, आणि बुडाला झिंक ऑक्साइडचा जाड थर. ओले वाइप्स बंद, कोमट पाण्याने धुवायचं आणि टिपून कोरडं करायचं. "शू नीट होतेय ना, तोंड कोरडं पडत नाहीये ना, शीत रक्त नाही ना, एवढं बघत राहा. अँटिबायोटिकने चांगले जंतूही जातात. येतील परत," एवढं सांगून त्यांनी पुढच्या पेशंटला आत घेतलं.

मला तेवढ्यावर समाधान होईना. जंतू गेले हे ठीक, पण त्यामुळे शी पातळ का व्हावी? रात्री ती झोपली की मी वाचत बसायचे. कळलं ते असं. लहान आतड्यात जे पचत नाही ते, म्हणजे तंतू आणि काही साखरा, मोठ्या आतड्यात जातं आणि तिथले जिवाणू ते आंबवतात. त्यातून शॉर्ट-चेन फॅटी अ‍ॅसिड्स तयार होतात. मोठ्या आतड्याचं अस्तर ती शोषून घेतं आणि त्यांच्यासोबत मीठ आणि पाणीही आत ओढलं जातं. आंबवणारेच कमी झाले की ती अ‍ॅसिड्स कमी होतात, साखरा तशाच पडून राहतात, पाणीही शीतच राहतं. शिवाय पित्तातल्या आम्लांवर जिवाणू जी प्रक्रिया करतात तीही थंडावते आणि ती आम्लं आतड्याला चाळवतात. क्लॅव्ह्युलॅनिक अ‍ॅसिडचा आणखी एक गुण म्हणजे ते स्वतःच आतड्याची हालचाल वाढवतं. हे सगळं वाचल्यावर निदान शत्रू कोण ते समजल्यासारखं वाटलं. कुठला बाहेरचा जंतू घुसला नव्हता, घरातली माणसं कामावर नव्हती.

मग प्रोबायोटिकचा, म्हणजे चांगले जिवंत जंतू पोटात देण्याचा, फेरा सुरू झाला. एकाने ड्रॉप्स सांगितले, दुसऱ्याने सॅशे, ओळखीतल्या एका आईने तिच्या मुलाला लागू पडलेली पावडर. प्रत्येकीत वेगळेच जंतू. पाकिटांवर जंतूंचे आकडे अब्जांत लिहिलेले असतात, पण नेमका कोणता जंतू हे पुष्कळदा अर्धवटच. 'लॅक्टोबॅसिलस' एवढं लिहिणं म्हणजे पत्त्यात नुसतं गावाचं नाव लिहिणं. प्रजाती लागते, त्यापुढे स्ट्रेन, म्हणजे त्या प्रजातीतला नेमका वाणही लागतो, कारण चाचण्या स्ट्रेनवर झालेल्या असतात. अँटिबायोटिकमुळे होणारे जुलाब टाळण्यासाठी मुलांमध्ये ज्यांचा पुरावा बऱ्यापैकी आहे असे दोनच. एक 'लॅक्टोबॅसिलस रॅम्नोसस जीजी', ज्यातले दोन 'जी' म्हणजे गॉर्बाक आणि गोल्डिन या शास्त्रज्ञांची आडनावं. दुसरा 'सॅकरोमायसिस बुलार्डी'. हा तर जिवाणूच नाही, यीस्ट आहे. १९२० च्या दशकात आंरी बुलार या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो आग्नेय आशियात फळांच्या सालींवरून वेगळा केला. यीस्ट असल्यामुळे जिवाणूंवरची अँटिबायोटिक्स त्याला मारत नाहीत, हा त्याचा मोठा फायदा.

पण इथे एक मेख होती. हा पुरावा जुलाब टाळण्याचा आहे, म्हणजे प्रोबायोटिक अँटिबायोटिकसोबत पहिल्या दिवसापासून द्यायचं. कोर्स संपून पंधरवडा उलटल्यावर सुरू केल्याने काय होतं, याबद्दल एवढ्या ठामपणे कोणी काही सांगत नाही. एक सॅशे आम्ही दिलं. फरक पडला नाही, त्रासही झाला नाही.

याच सुमाराला घरात सिझरचा विषय निघाला. निघणारच होता. "सिझरचं बाळ ना, त्यांची पोटं नाजूकच असतात," असं आत्यांनी सहज म्हटलं आणि मला ते आठवडाभर पुरलं. यात तथ्य किती? काही आहे. नैसर्गिक प्रसूतीत आईच्या आतड्यातले जिवाणू बाळाला मिळतात. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या सुमारे ६०० बाळांच्या शीचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात सिझरने जन्मलेल्या बाळांमध्ये बॅक्टेरॉइडीस गटातले जिवाणू खूप कमी दिसले, आणि एंटेरोकॉकस, क्लेबसिएला असे हॉस्पिटलच्या वातावरणात सापडणारे जास्त. पण हा फरक वाढत्या वयाबरोबर बराचसा मिटत जातो. दीड वर्षाच्या मुलीच्या आजच्या जुलाबांचं खापर तिच्या जन्माच्या दिवसावर फोडायला त्यात काही आधार नाही. आत्यांना मी हे सांगितलं नाही. सगळं सगळ्यांना सांगत बसायची ताकद नव्हती.

आतड्यातल्या जंतूंची तपासणी करणारं किट नवऱ्याने मागवलं. मला नको होतं असं नाही, मलाही बघायचंच होतं. शी गोळा करण्याचं काम वाचायला सोपं आणि करायला किचकट. पातळ शी असली की डायपर ती शोषून घेतो, हाताला काही लागत नाही. मग डायपर उलटा बांधला, म्हणजे प्लास्टिकची बाजू आत. त्यात शू मिसळू नये म्हणून पुढे कापसाची घडी. बाईसाहेब घरभर हिंडतायत आणि मी मागे मागे. शेवटी वाटाण्याएवढा ऐवज त्या काडीच्या टोकाला लागला, तो द्रवाच्या नळीत बुडवला, नळी खळखळ हलवली, नाव-तारीख लिहिली आणि पाकीट रवाना केलं.

रिपोर्ट आला तो चांगला जाडजूड. पहिल्याच पानावर, आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं वाक्य. हे वाक्य सगळीकडे फिरतं, पण २०१६ मध्ये नीट हिशोब मांडला गेला तेव्हा प्रौढ माणसात साधारण ३८ लाख कोटी जिवाणू आणि ३० लाख कोटी पेशी असा आकडा निघाला, म्हणजे जवळजवळ बरोबरीचा सामना. मी तिथेच जरा सावध झाले. पुढे रंगीत पट्ट्या होत्या. 'विविधता' लाल. 'बिफिडोबॅक्टेरियम' लाल. 'प्रोटिओबॅक्टेरिया' नारिंगी. 'क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल आढळला', हे तर ठळक अक्षरांत. एकूण गुण शंभरपैकी पन्नासच्याही आत, आणि खाली शिक्का मारल्यासारखं 'तीव्र असमतोल'. शेवटच्या पानावर 'खास तुमच्या मुलासाठी' बनवलेलं प्रोबायोटिक, तीन महिन्यांचा कोर्स, त्याच कंपनीचं. ते आम्ही घेतलं नाही. पण त्या रात्री मी 'डिफिसिल' वाचत बसले आणि झोप उडाली, कारण मोठ्या माणसांत अँटिबायोटिकनंतर हाच जंतू आतड्याला गंभीर सूज आणतो.

आमच्या डॉक्टरांनी मुलांच्या पोटविकारतज्ज्ञांकडे चिठ्ठी दिली. जायच्या आधी दोन तपासण्या करून आणायला सांगितल्या. एक, शीतली साखर. त्यासाठी शीचा पातळ भाग लागतो आणि तोही ताजा. आम्ही नेलेला पहिला नमुना लॅबने परत केला, पाणी सगळं डायपरमध्ये जिरलं होतं. दुसरी, कॅलप्रोटेक्टिन. आतड्याला सूज असली की पांढऱ्या पेशींमधलं हे प्रथिन शीत वाढतं. साखर किंचित आली. कॅलप्रोटेक्टिन लॅबच्या छापील मर्यादेच्या, म्हणजे ५० च्या, दुपटीहून जास्त आलं आणि शेजारी ठळक बाण. तोवर मला बाणांची भीती बसली होती.

पोटविकारतज्ज्ञ बाईंच्या समोर मी सगळे कागद मांडले, जंतूंचा रिपोर्ट सगळ्यात वर. त्यांनी तो न उघडता बाजूला सरकवला.

"वाढीचा तक्ता आणलाय?"

आणला होता, लसींच्या फाइलमध्ये होता. त्यांनी मुलीला स्वतः काट्यावर ठेवलं, डायपर काढून. मग फाइलमधली जुनी वजनं पेन्सिलने एकेक करून तक्त्यावर टिंबांनी मांडली आणि आजचं टिंब काढून कागद माझ्याकडे वळवला. टिंबं रेषेला धरून वर चालली होती. शेवटचंही.

"ही तिच्या रेषेवरून खाली आलेली नाही. रात्री उठून शी करते?"

"नाही."

"सकाळची पहिली शी कशी असते?"

यावर मला विचार करावा लागला नाही, मी वहीत लिहून ठेवत होते. सकाळची त्यातल्या त्यात बरी, दिवस चढत जातो तशी पातळ.

"आणि दिवसभर पिते काय?"

इथे खरी गोष्ट निघाली. जुलाब सुरू झाल्यापासून सगळ्यांचा एकच सल्ला होता, पोटात पाणी गेलं पाहिजे. पाणी ती पीत नव्हती, सफरचंदाचा रस आवडीने पीत होती. त्यामुळे बाटली भरलेली असायची आणि ती येता-जाता घोट घ्यायची. दुसरा सल्ला, हलकं खायला द्या. म्हणून लोणी, तेल, साय सगळं बंद. बाईंनी कागदाच्या पाठीवर आतड्याची वेडीवाकडी नळी काढली आणि समजावलं. सफरचंदाच्या रसात फ्रुक्टोज ग्लुकोजपेक्षा जास्त असतं, वर सॉर्बिटॉल. लहान मुलांचं आतडं ते पूर्ण शोषू शकत नाही. उरलेलं खाली जातं, सोबत पाणी ओढून नेतं. स्निग्ध पदार्थ अन्नाचा वेग मंदावतात, ते काढून घेतले की अन्न आणखी भरभर पुढे सरकतं. गाजर जसंच्या तसं येतं ते त्यामुळे. अँटिबायोटिकने सुरुवात करून दिली हे खरं, पण ते जुलाब एव्हाना थांबले असते. आता जे चाललंय त्याला 'टॉडलर्स डायरिया' म्हणतात. वजन वाढतंय, रात्री शी नाही, रक्त नाही, ताप नाही, मूल खेळतंय, तर हेच.

मी कॅलप्रोटेक्टिनच्या बाणावर बोट ठेवलं. ५० ही मर्यादा मोठ्यांची आणि चार वर्षांपुढच्या मुलांची, त्या म्हणाल्या. त्याखालच्या निरोगी मुलांमध्ये हा आकडा मुळातच जास्त असतो, तान्ह्या बाळांत तर खूपच. लॅब मात्र सगळ्यांना एकच छापील मर्यादा लावते.

मग मीच रिपोर्ट उघडला. एवढं डायपर उलटं बांधून मिळवलेला रिपोर्ट मी तसाच परत नेणार नव्हते. 'डिफिसिल'चं काय? तर पहिल्या वर्षात अनेक निरोगी बाळांच्या आतड्यात तो निवांत राहत असतो, दुसऱ्या वर्षातही पुष्कळांच्या असतो. नुसता सापडला म्हणून उपचार करत नाहीत. एक वर्षाखालच्या मुलांत तर त्याची तपासणीच करू नये असं बालरोगतज्ज्ञांच्या मार्गदर्शक सूचना सांगतात. विविधता कमी? कोणापेक्षा? रिपोर्टच्या तळाशी बारीक अक्षरांत लिहिलं होतं, तुलना प्रौढांच्या नमुन्यांशी. मुलांच्या आतड्यातली वस्ती मोठ्यांसारखी व्हायला साधारण तीन वर्षं लागतात. अमेरिका, मलावी आणि व्हेनेझुएला अशा तीन अगदी वेगळ्या ठिकाणच्या लोकांवर २०१२ मध्ये झालेल्या अभ्यासात तिन्हीकडे हेच दिसलं होतं. दीड वर्षाचं मूल प्रौढांच्या मापाने मोजलं तर ते कमीच भरणार.

बिफिडोची लाल पट्टी मला जास्त लागली होती, कारण ती आईच्या दुधाशी जोडलेली. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आंरी तिसिए यांनी १९०० च्या सुमारास अंगावर पिणाऱ्या बाळांच्या शीत टोकाशी फाटे फुटलेला हा जिवाणू पाहिला. त्याच्याही आधी, १८८५ मध्ये, टेओडोर एशरिश हे बालरोगतज्ज्ञ बाळांच्या शीतले जंतू तपासत होते. ई. कोलायमधला 'ई' तो त्यांचा. म्हणजे हा उद्योग करणारी मी पहिली नव्हे, हे वाचून बरं वाटलं. आईच्या दुधात लॅक्टोज आणि स्निग्धांशाखालोखाल ज्याचं प्रमाण असतं त्या ऑलिगोसॅकराइड नावाच्या साखरा बाळाला पचतच नाहीत. त्या बिफिडोसारख्या जिवाणूंसाठीच असल्यासारख्या खाली पोहोचतात. अंगावरचं दूध कमी होऊन वरचं खाणं वाढलं की बिफिडोचं राज्य ओसरतं आणि तंतू खाणारे वाढतात. माझी मुलगी तेव्हा जेमतेम रात्रीचं एखाद्या वेळी पीत होती. पट्टी लाल असणं हे तिच्या वयाला धरूनच होतं.

"मग असमतोल नाहीच?" मी विचारलं.

"असेलही. अँटिबायोटिकनंतर जंतूंची उलथापालथ झाली नसती तर नवल. पण अमुक वयाच्या निरोगी मुलाचे जंतू असेच असावेत, असा नमुना अजून कोणाकडे नाही. उद्या पुन्हा शी पाठवलीत तर आकडे थोडे वेगळे येतील. मी मुलीवर उपचार करते, रिपोर्टच्या गुणांवर नाही."

शेवटचं वाक्य त्या रोज कोणाला तरी सांगत असणार, इतकं सराईत आलं.

उपचार म्हणजे काय तर रस पूर्ण बंद. तहान लागली की पाणी, दूध नेहमीएवढंच. स्निग्ध पदार्थ परत चालू, कारण दोन वर्षांखालच्या मुलांना ते लागतातच. तंतू असलेलं खाणं, म्हणजे धान्य, कडधान्यं, भाज्या, आवडेल त्या रूपात. औषध एकही नाही. बाहेर पडताना नवरा म्हणाला, "अगं, एवढंच?" त्याची निराशा मला समजत होती. एवढे दिवस काढल्यावर काहीतरी मोठं नाव असलेलं हातात पडावं असं वाटतंच.

रस बंद करणं सोपं गेलं नाही. बाटली दिसली नाही की भोकाड. दोन दिवस ती पाण्याच्या कपाकडे अशा नजरेने बघायची की आपण काहीतरी अन्याय करतोय असं वाटावं. रस अर्ध्या पाण्याचा, मग चतकोर, अशी वाट बाईंनी सुचवली होती. आमच्याकडे ती चालली नाही, तिला लगेच कळायचं. बाटलीच लपवली. आठवड्याभरात शी दाटसर व्हायला लागली, मग अधूनमधून पुन्हा पातळ, पुन्हा बरी. एका दिवसात फरक पडला असं झालं नाही. बूड मात्र आधी बरं झालं, आंबट शी थांबली तशी लाली गेली.

माझ्या ओळखीत एकीचं बाळ महिने भरायच्या आधी झालं होतं. आमची हकीकत ऐकून तिने विचारलं, कुठलं सॅशे देऊ? मी नाव सांगितलं नाही. अशा बाळांत प्रोबायोटिकमधला जंतूच रक्तात शिरल्याच्या घटना घडल्या आहेत. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, २०२३ मध्ये एका बाळाच्या मृत्यूनंतर तसा इशाराही दिला. गळ्यातल्या मोठ्या शिरेत नळी असलेल्या किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्या मुलांनाही बुलार्डीचं यीस्ट धोक्याचं. तिला म्हटलं, बाळाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय चिमूटभरही देऊ नकोस.

पुढे कान पुन्हा दुखला. लेक तेव्हा दोन वर्षं ओलांडलेली, एकच कान, ताप थोडा. डॉक्टरांनी दुखण्याचं औषध दिलं आणि दोन-तीन दिवस वाट बघायला सांगितलं. दोनच्या पुढच्या मुलांत सौम्य दुखणं असेल तर असं थांबता येतं. अँटिबायोटिक लागलंच नाही. त्यानंतर मात्र लघवीचा संसर्ग झाला. तिथे थांबण्याचा प्रश्नच नव्हता, मूत्रपिंडाचा मामला. औषध त्याच दिवशी सुरू झालं आणि या वेळी सॅशेही त्याच दिवसापासून. शी जराशी सैल झाली, दोन दिवसांत सावरली. सॅशेमुळे सावरली, की हे अँटिबायोटिकच वेगळं होतं म्हणून, की घरात रस नव्हता म्हणून, हे सांगता येत नाही. सगळ्या चाचण्या एकत्र करून २०१९ मध्ये काढलेला हिशोब असा, की साधारण नऊ मुलांना दिलं तर एकाचे जुलाब टळतात. आमची त्या नऊमधली कोण होती, देव जाणे.